जोकरचा ‘खरा नट’ झाला म्हणे!

माळवी_मिसळ:
काल आपल्या इंदूरकर ग्रुपवर नाट्यवेडा यांनी बिल अर्विनवर पोस्ट टाकली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सार सांगतो. ‘इंटरस्टेलर’ सिनेमातल्या टार्स रोबोटला ज्याने आवाज दिला तो माणूस आधी सर्कशीत जोकर होता, मग जिद्दीने वर आला, २००५ साली ब्रॉडवेवरच्या गंभीर नाटकासाठी टोनी (तिकडचं नाटकांचं मोठं पारितोषिक) मिळवलं आणि ‘अशा रीतीने एका जोकरचा खरा नट झाला’. खाली जोडलेल्या हातांची रांग, ‘प्रेरणादायी’, ‘जिद्दीला सलाम’. रात्री गप्प बसलो, सकाळी पोहे खाताना परत वाचली आणि परत डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. लांबलंय, सहन करा.

पहिलं म्हणजे नुसता ‘आवाज दिला’ नाही हो. टार्सचं धूड सेटवर खरंखुरं होतं, जवळपास ९० किलोचं, आणि साठी उलटलेला हा माणूस त्याच्या मागे उभा राहून ते चालवत होता. नंतर कंप्युटरवर त्याला फ्रेममधून पुसून टाकला. म्हणजे पडद्यावर ते यंत्र थबकतं, वळतं, रुबाबात दोन पावलं टाकतं ते सगळं याचं अंग, फक्त अंगाचा मालक दिसत नाही. केस नावाचा दुसरा रोबोट आहे ना, तोही यानेच हलवलाय, आवाज तेवढा जॉश स्टुअर्टचा. हे काम कोणत्या ‘खऱ्या नटा’ला जमलं असतं ते सांगा. जोकरलाच जमलं.

दुसरं, तारखा बघा. १९७४-७५ च्या सुमाराला तो रिंगलिंग ब्रदर्सच्या क्लाउन कॉलेजात शिकला, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या पिकल फॅमिली सर्कसमध्ये. १९८२ ला ‘द रिगार्ड ऑफ फ्लाइट’, आणि १९८४ ला मॅकआर्थर फेलोशिप, अमेरिकेतली मोठ्या मानाची. ती काही गंभीर चेहरा करून बसल्याबद्दल नव्हती मिळाली. १९९३ ला डेव्हिड शायनरबरोबर ‘फूल मून’ केलं, त्यात दोघंही तोंडातून शब्द काढत नाहीत, आणि त्याला १९९९ ला स्पेशल टोनी मिळालं. म्हणजे पहिलं टोनी जोकरगिरीचंच! २००५ चं नंतरचं. आणि पोस्ट काय म्हणते, तर जोकर होता, सुधारला.

तिसरं, १९८८ ला माइक निकल्सने न्यूयॉर्कमध्ये बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ नाटक केलं, रॉबिन विल्यम्स, स्टीव्ह मार्टिन आणि लकीच्या कामात अर्विन. लकी म्हणजे गळ्यात दोर, दोन्ही हातांत सामान, बराच वेळ नुसता उभा आणि मग एकदम ते सुसाट लांबलचक भाषण. उभं राहणं कुणाला येतं? ज्याने आयुष्यभर अंगाचा अभ्यास केलाय त्याला. पुढे २००९ ला ब्रॉडवेवर त्याच नाटकात व्लादिमीर केला, नेथन लेनसमोर. त्यात तीन टोप्यांची अदलाबदल आहे, ती वाचताना काहीच वाटत नाही, रंगमंचावर मात्र टोपी कशी धरायची आणि कधी सोडायची हे हाताला माहीत असावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच. तो जोकरचा नट झाला नाही. जोकर होता म्हणून नट होता, आणि टोनी घेतानाही जोकरच होता.

नाट्यवेडा:
पोस्ट माझी होती, त्यामुळे उत्तर द्यायलाच हवं. मिसळभाऊ, तुम्ही माहिती छान दिलीत पण भांडण उगाच काढलंत. पडणं, अडखळणं, टोपी उडवणं हे जिम्नॅस्टला पण शिकवता येतं. ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ’मध्ये कॅथलीन टर्नरसारख्या बाईसमोर तीन तास जॉर्ज उभा करायचा, दारू पीत, बायकोचे टोमणे गिळत, हे टोपीवाल्या कसरतीत बसत नाही. त्याच कामाचं २००५ चं टोनी हे ‘सर्वोत्कृष्ट अभिनेता’ होतं, १९९९ चं स्पेशल. स्पेशल म्हणजे कुठल्याच खान्यात बसत नाही म्हणून दिलेलं. दोन्हींत फरक आहे की नाही? तो फरक मी लिहिला, यात जोकरचा अपमान कुठे झाला?

तात्या_रामबाग:
दोघंही अमेरिकेत भांडा. मला एवढंच विचारायचंय की हा बिल कोण तो पडला की तुम्हाला कला दिसते, आणि आमचा लक्ष्या पायात पाय अडकवून पडला की तुमचीच पिढी ‘माकडचाळे’ म्हणायची. मी स्वतः ऐकलंय, नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या कपाशी उभं राहून, शिकल्या-सवरल्या लोकांकडून. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेला. गेल्यावर सगळ्यांना टायमिंग दिसलं. अशोक सराफांना पद्मश्री २०२५ ला, वयाच्या ७७ व्या वर्षी. दादा कोंडक्यांचं नाव काढलं की अजून लोक आधी इकडेतिकडे बघतात. आणि इथे सकाळी सकाळी पोह्यांवर जिरावण टाकून बिल अर्विनचा अभिमान.

माळवी_मिसळ:
तात्या, तुम्ही माझ्याच बाजूचं बोलताय आणि मलाच झापताय.

तात्या_रामबाग:
मी कुणाच्याच बाजूचं बोलत नाहीये.

शुभांगी_सुदामानगर:
नाट्यवेडा दादा, ‘पडणं जिम्नॅस्टला शिकवता येतं’ हे वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. माझे वडील गणपतीच्या नाटकांत कामं करायचे, मोहल्ल्यातली हौशी मंडळी, कपडेपट सगळा घरचा. त्यांना कायम नोकर, भटजी, नाहीतर बहिरा मामा. एका नाटकात बाजेवरून मागच्या मागे पडायचं होतं. आई अंगणात गाद्या टाकून द्यायची आणि बाबा ऑफिसातून आल्यावर पडत बसायचे. कसं पडायचं तर आधी हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, मग बूड, मग पाठ, आणि पाय सगळ्यात शेवटी वर जायला हवेत, कारण हशा पायांना येतो, पडण्याला नाही. पाय आधी वर गेले तर लोक घाबरतात, ‘लागलं का हो’ म्हणतात. हे मला त्यांनी सांगितलंय. कुठला जिम्नॅस्ट सांगेल? त्याला शिकवतात की पडलास तरी पडल्यासारखं दिसू देऊ नकोस!

आणि बक्षीस? स्पर्धेत गंभीर काम करणाऱ्याला अभिनयाचं पहिलं, बाबांना दर वेळी ‘उत्तेजनार्थ’. परीक्षक पोट धरून हसत होते हे सगळ्यांनी बघितलेलं. मग खाली बसून ‘उत्तेजनार्थ’. एका परीक्षकाने तर सांगितलं, ‘पुढच्या वेळी एखादी चांगली भूमिका करा.’ तुमची पोस्ट त्या परीक्षकाच्या सुरातली आहे दादा, राग नको.

नाट्यवेडा:
ताई, राग नाही. तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे. पण घरच्या आठवणीने मुद्दा सिद्ध होत नाही.

शुभांगी_सुदामानगर:
तुमचा कशाने झाला? टोनी कमिटीच्या खान्यांनी?

पलासिया_पंटर:
अरे भिया, तुम्ही सगळे जण मिस्टर नूडलला विसरलात! बिल अर्विन म्हणजे आमच्या घरात मिस्टर नूडल. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या ‘एल्मोज वर्ल्ड’मध्ये १९९८ पासून. ताईची पोरं न्यू जर्सीला, ती त्याच्यावर वाढली. तो बोलत नाही, त्याला साधं कामसुद्धा जमत नाही, शर्ट घालायचा तर बाही सापडत नाही, आणि बाजूने पोरांचे आवाज येतात, असं नाही मिस्टर नूडल, तसं नाही! आपल्यापेक्षा मोठा माणूस आपल्यापेक्षा ढ आहे याचा पोरांना काय आनंद होतो. माझी मुलगी सहा वर्षांची, इथे विजय नगरला शाळेत, हिंदी-इंग्रजीवाली, मराठी कळतं अर्धंच, पण नूडल बघून लोळते.

म्हणून एक प्रस्ताव मांडतो. आपल्या इथे मुलांना मराठी नाटकाला नेतो तेव्हा ती दहा मिनिटांत पेंगतात कारण शब्दच शब्द. बिनशब्दांचं, अंगाच्या विनोदाचं काहीतरी मुलांसाठी करायला हवं. निदान थिएटरची चटक तरी लागेल.

तात्या_रामबाग:
झालं. म्हणजे आता मराठी नाटकातून मराठी पण काढा. होळकरांच्या गावात एवढ्या वर्षांत मराठी टिकलं ते कशावर? शब्दांवर. देवल, गडकरी, पु. ल. बिनशब्दांचंच बघायचं तर मग खिडकीत बसून ट्रॅफिक बघा, तिथे पण कुणी ना कुणी पडतं.

पलासिया_पंटर:
काका, मी काढा म्हटलं नाही, मुलांसाठी म्हटलं. आणि टिकलं म्हणताय ते कुठे? तुमच्या रामबागेत शाखेच्या मैदानावर पोरं कोणत्या भाषेत भांडतात ते एकदा ऐका.

तात्या_रामबाग:
पोरं हिंदीत भांडतात कारण आईबापांना मराठी बोलायला लाज वाटते. माझ्या नातवाला सात वर्षांचा असताना पाठांतराला उभा केला होता, अख्खं स्वगत, एक अडखळ नाही. शब्द तोंडात बसवावे लागतात. तुम्ही काय बसवलं? नूडल.

पलासिया_पंटर:
आणि त्या स्वगताचा अर्थ विचारला होता का त्याला?

तात्या_रामबाग:
हा आगाऊपणा झाला.

लोकमान्य_नगरची_लेक:
पंटर, वडीलधाऱ्यांशी जरा नीट. पण तात्या, तुम्ही पण लाज वगैरे काढू नका हो. आम्ही दोघं नोकरीवाले, मुलगा दिवसभर पाळणाघरात, तिथल्या ताई माळवीत बोलतात, तो माळवीत बोलतो, मग पुण्याच्या आत्या येऊन हसतात, ‘किती गं तुमचं हिंदी-मराठी’. मुलगा आता त्यांच्यासमोर तोंडच उघडत नाही. त्याला स्वगत कुठून देऊ? त्याला ज्याच्यावर हसता येईल असा माणूस स्टेजवर दिला तर तो येईल तरी.

बडोद्याची_सून:
माहेर इंदूर, सासर बडोदा, म्हणून दोन्हीकडचं रडगाणं माहीत आहे 😀 इथे मुलं गुजरातीत अडकलेली, बाकी सेम. तात्यांना एकच आठवण करून देते. नाट्यशास्त्रात अभिनय चार, आंगिक (अंगाचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (आतल्या भावाचा). आंगिक पहिलं सांगितलंय, वाचिक नंतर. ते नाट्यशास्त्र अभिनवगुप्ताच्या भाष्यासकट आमच्या बडोद्यातनंच गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापून आलं, पहिला भाग १९२६. तेव्हा ‘शब्दांवर टिकलं’ हे देवलांपुरतं ठीक.

आणि देवलांचंच घेऊ. ‘मृच्छकटिक’ घडतं कुठे? उज्जयिनीत, तुमच्या इंदूरहून तासाभरात पोचता. त्यात मैत्रेय विदूषक रात्री दागिन्यांचा डबा उशाशी घेऊन झोपलाय, शर्विलक भिंतीला भोक पाडून घरात येतो, आणि मैत्रेय झोपेत बरळत तो डबा आपल्याच हाताने चोराला देऊन टाकतो! तो चार वाक्यं बरळतो, मान्य, पण सगळी गंमत कशात आहे? झोपलेल्या हातात. डोळे मिटलेले, हात पुढे येतोय, चोर घ्यावं की न घ्यावं म्हणून घुटमळतोय. अर्विनला द्या हा प्रवेश, एकही शब्द न बोलता करेल.

तात्या_रामबाग:
शूद्रकाने मूळ संस्कृत नाटकात ती चार वाक्यं लिहिली म्हणून तुम्हाला तो हात दिसला. नाहीतर कुणी लक्षात ठेवला असता?

बडोद्याची_सून:
बरं बाई, चार वाक्यं तुमची, हात माझा.

राजवाडा_रिटर्न्स:
मुलं, भाषा सगळं ठीक आहे पण मूळ अडचण कुणी बोलत नाही, ती म्हणजे पाय दिसत नाहीत! मी कायम मागच्या रांगेत, कारण पुढची तिकिटं कधी संपतात ते देवाला ठाऊक. समोरच्याचं डोकं, त्याच्या पुढच्याचा मोबाइल, त्यातून नट गुडघ्यापर्यंत दिसतो. शुभांगीताई म्हणतात हशा पायांना येतो. मग आमच्या रांगेत हशा यायचा कसा? आम्ही पुढचे हसले की हसतो. आणि आता प्रत्येकाच्या गालाला माइक, त्यामुळे नटाला अंग वापरायची गरजच नाही उरली, उभा राहतो आणि बोलतो. टीव्ही मालिकेसारखं. अर्विन इथे आला तर बाल्कनीतल्यांना फक्त टोपी दिसेल.

माळवी_मिसळ:
हा मुद्दा मात्र जबरी आहे. आणि त्याला मोबाइलचं वावडं नव्हतं बरं का. २०१३ मध्ये परत शायनरबरोबर ‘ओल्ड हॅट्स’ केलं, त्यात तो सुटाबुटातला ऑफिसवाला असतो, हातात फोन, टॅबलेट, आणि पडद्यावरचा त्याचाच चेहरा त्याच्याशी पंगा घेतो. आपण फोनला शिव्या देत बसतो, त्याने त्याचा भिडू केला.

नाट्यवेडा:
परत विषयावर येतो. मिसळभाऊ, लक्ष्याचं उदाहरण तात्यांनी दिलं, ते तुमच्या विरोधात जातं. जब्बार पटेलांनी १९९२ मध्ये ‘एक होता विदूषक’ सिनेमात त्याला तमाशातल्या सोंगाड्याची भूमिका दिली, पुलंची पटकथा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट. पण लोक म्हणाले आम्हाला आमचा लक्ष्या हवा. म्हणजे जोकरला गंभीर काम करायची संधी समाज देत नाही, आणि अर्विनने ती हिसकावून घेतली. म्हणूनच ती जिद्द. मी तेच लिहिलं होतं!

शुभांगी_सुदामानगर:
नाही दादा, उलटं आहे. लोकांनी हसून घेतलं आणि त्या हसवण्याला कधी ‘काम’ म्हटलं नाही, म्हणून मग त्याला रडून दाखवावं लागलं. त्याने त्याआधी शेकडो वेळा जे केलं तेच काम होतं. मॅरेज गार्डनमध्ये वाढदिवसाला जोकर येतो ना, पोरं त्याचं नाक ओढतात, मागून लाथ मारतात आणि आईबाप रील काढतात. त्या माणसाला आपण काय समजतो तेच पुरस्कार देतानाही समजतो. दिलीप प्रभावळकरांचंच बघा, ‘हसवाफसवी’त सहा माणसं, प्रत्येकाची पाठ वेगळी, मान वेगळी, चालताना टाच आधी की चवडा आधी ते वेगळं. तोच माणूस २००६ ला गांधीजी करतो. दोन्हीला एकच कसब. पण गांधीजी केल्यावर लोक म्हणाले, बघा, किती मोठा नट!

नाट्यवेडा:
लोक आधीपण म्हणत होते. प्रभावळकरांना कुणी जोकर म्हटलेलं मी ऐकलं नाही.

शुभांगी_सुदामानगर:
तेच तर. आवडला की जोकर म्हणायचं बंद करायचं.

नाट्यवेडा:
…यावर उत्तर सुचलं की लिहितो.

पलासिया_पंटर:
ताईंनी विकेट काढली 🔥

नाट्यवेडा:
विकेट वगैरे नाही. बाकी पोस्टमधलं ‘खरा’ काढून टाकतो, ‘जोकरचा नट झाला’ एवढं ठेवतो. खूश?

माळवी_मिसळ:
नाही. पण चालेल.

तात्या_रामबाग:
ते रोबोटवालं काल रात्री नातवाने लावून दिलं. दोन तास काही कळलं नाही, शास्त्र फार आहे. पण तो यंत्राचा खांब चालतो तेव्हा एका जागी किंचित थांबून मग वळतो, तिथे मला हसू आलं. तो थांबायचा प्रकार दादा कोंडक्यांचा आहे, मी सांगतो, विनोद टाकून एक श्वास थांबायचं. तेवढं बिलला दिलं. मुलांना बिनशब्दांचं नाटक मात्र दाखवू देणार नाही.

पलासिया_पंटर:
काका, दाखवू देणार नाही म्हणजे? हॉल तुमचा आहे का?

बडोद्याची_सून:
रंगपंचमीच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे बजरबट्टू संमेलन असतं, पुढारी मंडळी एकेक सोंग घेऊन मिरवतात, तिथे तात्या पोरांना नेतात की नाही?

तात्या_रामबाग:
नेतो. पण तिथे भाषणं असतात.

लोकमान्य_नगरची_लेक:
तात्या 😂 पंटर, तू मुलांच्या नाटकाचं खरंच काही करणार असशील तर वेगळा धागा काढ, इथे दोनशे उत्तरांत हरवेल. जागा आमच्या सोसायटीच्या हॉलची बघते, स्टेज उंच आहे, पाय दिसतात.

राजवाडा_रिटर्न्स:
पहिल्या रांगेतली एक खुर्ची माझ्या नावाने लिहून ठेवा.